पाचवं शील

डाग फार मोठा नव्हता. जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा, मध्ये किंचित गडद आणि कडेला गुलाबी. रक्त नुसतं सांडलं तर त्याचा डाग एकसारखा दिसतो आणि वाळल्यावर तपकिरी होतो. लाळेत मिसळून उतरलं तर ते कापडात पसरत जातं आणि कडेला फिकट होतं. उत्पलाने उशीचा अभ्रा खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, उलटा करून पाहिला, नाकाशी नेला. हिरडीचं रक्त असतं तर बारीक ठिपके असते. हे जिभेचं होतं. झोपेत दात जिभेत रुतल्याशिवाय एवढं रक्त येत नाही, आणि माणूस झोपेत उगाच जीभ चावत नाही.

मुलाला, संघर्षला, रात्री फिट आली होती. जवळजवळ वर्षभरानंतर.

ती अभ्रा घेऊन मागच्या दारी गेली. बंबातलं पाणी कढत होतं, पण तिने हौदातलं गार पाणी घेतलं. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन धाग्यात घट्ट बसतं, मग डाग जन्मभर जात नाही, हे ती शाळेत नववीच्या मुलांना दर वर्षी सांगत असे. मुलं हसत. बाईंना रक्ताचे डाग कशाला लागतात, असं त्यांना वाटत असावं.

"बाळासो यायच्या आधी धुणं काढलंस व्हय गं?" पायरीवर लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंनी, शेवंताबाईंनी विचारलं.

"धुणं नाही आत्या. अभ्रा आहे नुसता."

"चा सांडला वाटतं."

"हो," उत्पला म्हणाली.

या घरात खोटं बोलायला कष्ट पडत नसत. दुसरं कुणीतरी ते तयार करून हातात देई. आपण फक्त हो म्हणायचं.

चार वर्षांपूर्वीही तसंच झालं होतं. संघर्ष तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. भर दुपारी गांधीनगरच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल सरळ उसात घुसली. तिचा नवरा सयाजी एसटीची ड्युटी संपवून घरी येत होता, म्हणून तो तिथं पोचला. तोवर माणसं जमली होती. पोरगं चिखलात पडलेलं, पँट ओली, डोळे उघडे पण ओळख नाही, बोलणं बरळल्यासारखं. गर्दीतल्या कुणीतरी विचारलं, "सयाजीराव, पोरगं पिलंय काय?" सयाजीने मुलाकडं पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यातला फेस त्याला दिसला. लहानपणी तोच फेस त्याने चिमणाआत्याच्या तोंडाला पाहिला होता. आणि तो म्हणाला, "व्हय. घेतल्याली दिसतीया."

चिमणाबाई ही सयाजीच्या वडिलांची, गणपतीआण्णांची बहीण. आकडी येते म्हणून सासरच्यांनी तिला वर्षाच्या आत परत आणून सोडलं. तिच्यापायी तिच्या दोन धाकट्या बहिणींची लग्नं अडली. शेवटी ती चुलीत पडून गेली. सयाजीला डोळ्यांपुढं पोरगी, सोनम, दिसत होती, तेव्हा अठरा वर्षांची. दारुडा भाऊ असला तर पोरीचं लग्न जमतं. दारुडे भाऊ घरोघरी असतात.

संध्याकाळपर्यंत गावात, गडमुडशिंगीत, सगळ्यांना कळलं. पुढच्या आठवड्यात मिरजेच्या डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि चार गोष्टी जपायला सांगितल्या. आग, विहीर, उंची आणि चाक. पण तोवर व्हय म्हणून झालं होतं. कोल्हापुरातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात नाव कळू नये म्हणून सयाजी मिरजेच्या फेरीला गेला की तिकडूनच गोळ्या आणी. घरात हे फक्त चौघांना माहीत होतं. निदान उत्पलाला तसं वाटत होतं.

डाग गेला. तिने अभ्रा पिळला आणि सोनमच्या ओढणीमागे वाळत घातला.

*

बाळासो आला तो हॉर्न वाजवतच. त्याच्या दोन ट्रॅक्स जीप गारगोटीच्या रस्त्याला वडाप करत. एसटीच्या आधी पाच मिनिटं स्टँडबाहेर उभं राहायचं, दहाच्या जागेत पंधरा माणसं भरायची आणि वाटेत हात करील त्याला घ्यायचं. सयाजी तीस वर्षं एसटीत होता. धाकट्या भावाच्या या धंद्यावर त्याने आधी तोंड वाकडं केलं होतं. रिटायर झाल्यावर त्याचं तोंड हळूहळू सरळ झालं.

"जयभीम, वैनी! हे घ्या मटन. तांबडा असा करा की गारगोटीपतूर ठसका लागला पायजे."

"भावजी, बसा तरी."

"बसायला येळ कुठाय? गारगोटीचा गाडीवाला पावना आज सांजपतूर थांबलाय. गाडी एकदम क्लीन हाय. मालकानं दवाखान्याला जाण्यायेण्यापुरतीच वापरली. आज फोनवर व्हय म्हणायचं, आन् दसऱ्याला, धम्मचक्र दिनाला, गाडी दारात!" त्याने कंबरेच्या पाकिटातला मोबाइल काढून टेबलावर ठेवला, जसा काही गाडीवाला त्यातूनच ऐकत होता. "कुठाय आमचा ड्रायव्हर? ड्रायव्हर न्हवं, मालक! मालक, वो मालक!"

संघर्ष माडीवरून उतरला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, पण डोळ्यांखाली काळं. त्याने चुलत्याला हात जोडले आणि नुसती मान हलवली.

"आरं बोल की लेका. मोठा माणूस झाल्यागत मान हलवतोयास."

"जयभीम, तात्या," तो म्हणाला. शब्द जरा जाड आला. उत्पलाखेरीज कुणाच्या लक्षात आला नाही.

शेवंताबाई भिंतीकडं बघत होत्या. तिथं दोन खुंट्यांवर गणपतीआण्णांची सायकल टांगलेली होती. टायर केव्हाच गळून गेले होते, पण सांगाड्याला दर वर्षी तेल लागत असे. सत्तावन्न साली, धर्मांतरानंतर वर्षाने, आण्णांनी ती घेतली. त्यांच्याआधी त्यांच्या वस्तीतलं कुणी सायकलवर बसून वेशीतून गेलं नव्हतं. उतरायचं, हातात धरायची, पुढं गेल्यावर बसायचं. आण्णा उतरले नाहीत. त्यांना खाली ओढलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बसले. मग सयाजी एसटीचा ड्रायव्हर झाला, आणि शेवंताबाई मुद्दाम त्याच्या गाडीने वेशीपर्यंत येत, दोन पावलं चालायला नको म्हणून नव्हे.

"सायकल झाली, सरकारची गाडी झाली," त्या म्हणाल्या. "आता आपली सोताची व्हऊ दे. नातवाच्या हातात. मग मी मरायला मोकळी."

"मरतीस कशाला आये, पुढच्या शिटावर बसून फिरायचंय तुला," बाळासो म्हणाला. "आन् पोरगं बी सुधारलं. गेल्या विजयादशमीला विहारात सगळ्यांम्होरं उभा ऱ्हाऊन पाचवं शील घेतलं. दारू बंद म्हंजे बंद. वरीस झालं, एक थेंब न्हाय. माझी सोताची पोरं एवढी शब्दाला पक्की न्हाईत. त्येचं बक्षीस नको व्हय द्यायला?"

उत्पलाने मटणाची पिशवी उचलली आणि ती आत गेली. त्या दिवशी विहारात ती बायकांच्या रांगेत बसली होती. आयुष्यात ज्याने दारूला ओठ लावले नव्हते तो तिचा मुलगा दोनशे माणसांसमोर हात जोडून दारू सोडत होता. माणसांनी टाळ्या वाजवल्या. सयाजीने डोळे पुसले. तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या, कारण शेजारची बाई तिच्या हातांकडं बघत होती.

*

सयाजी स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. रिटायर झाल्यापासून तो रविवारचा कांदा चिरायचा.

"अभ्र्यावर रक्त होतं," ती हळू आवाजात म्हणाली.

सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली. "झोपंत आली आसंल."

"हो."

"मग? गाडी काय झोपंत चालवतंय?"

"पहिली जागेपणी आली होती. दुपारी. तुम्हीच उचलून आणलंत त्याला."

"वरीसभर काय झालं न्हाय न्हवं?"

"गोळ्या चालू होत्या म्हणून नाही झालं."

"हळू बोल." त्याने दाराकडं पाहिलं. बाहेर बाळासो सोनमला सांगत होता की इचलकरंजीच्या सासरी यंत्रमागाच्या खडखडाटात नवरा-बायकोचं भांडण कुणाला ऐकू जात नाही. सोनम हसली. "गुरवारी ती माणसं यायची हाईत. सुपारी फुटू दे. मग सांगू बाळासोला. दम धर जरा."

"आधी म्हणालात, त्याची परीक्षा होऊ दे. मग म्हणालात, माझी रिटायरमेंट होऊ दे, ड्रायव्हरच्या पोराला फिट येते म्हणून डेपोत हसतील. आता सोनम."

"आन् सोनमचं मोडलं तर? तू चिमणाआत्याला बगितलं न्हाईस. मी बगितलंय. सोप्याच्या कोपऱ्यात बसल्याली असायची, ताट लांबनं सरकवायची माणसं."

"ते दिवस वेगळे होते."

"तुझ्या पुस्तकात वेगळं आसतील."

 उत्पलाच्या पुस्तकावर येऊन हे घर नेहमी तिला गप्प करत असे. पण आज तिने मटण धुवायला घेतलं आणि पाण्याखाली हात धरूनच विचारलं, "तुमच्या गाडीत मागं पन्नास माणसं असायची. सकाळी ड्युटीवर यायच्या आधी असला एखादा ड्रायव्हर तुमच्याशी बोलला असता, की बाबा, रात्री मला असं असं झालं, तर तुम्ही त्याला डेपोतून गाडी काढू दिली असती?"

 बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात, सयाजीचा विनाअपघात सेवेचा बिल्ला ठेवलेला होता. पाहुणे आले की शेवंताबाई तो दाखवत. त्याने चिरलेला कांदा पातेल्यात लोटला.

"ट्रॅक्समदी पन्नास न्हाई बसत," एवढं म्हणून तो बाहेर निघून गेला.

*

संघर्ष मागच्या खोपीत होता. तिथं लाकूडफाटा असे. तो उगाचच एका जुन्या डब्यातली बोल्टं निवडत बसला होता.

"अभ्रा धुतलास?" त्याने वर न बघता विचारलं.

"जीभ दाखव."

"आई, मी काय लहान हाय?"

"दाखव म्हणते ना."

त्याने तोंड उघडलं. जिभेची डावी कड सुजली होती आणि दातांच्या दोन खुणा स्पष्ट दिसत होत्या. तिने त्याची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली. पंचवीस वर्षांचा मुलगा, पण हनुवटी अजून तशीच हातात बसत होती.

"गोळ्या बंद केल्यास?"

"बंद न्हाय. अर्ध्या."

"कधीपासून?"

"तात्यांनी गाडीचं काढलं तवापास्नं." तो भराभर बोलू लागला, जीभ अडखळत होती तरी. "त्या गोळीनं डोळं उघडत न्हाईत गं सकाळी. पयली खेप पाटं पाचला सुटती. पंधरा माणसं मागं आन् ड्रायव्हर पेंगतोय, मग? मी त्येचाच इचार केला. एकांदा जीव जाईल म्हणून केलं मी."

 कुणाचा तरी जीव जाऊ नये म्हणून त्याने गोळी अर्धी केली होती. गणित त्याने मांडलं होतं, मन लावून मांडलं होतं. फक्त अर्धं. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी गोळी बदलून दिली असती, पण विचारायचं म्हणजे गाडी चालवणार आहे असं सांगायचं.

"संघर्ष, पूर्ण गोळी घेतलीस तरी चाक हातात घ्यायचं नाही. तुला माहीत आहे हे."

"म्हाईत हाय." त्याने बोल्टांचा डबा खाली ठेवला. "मला सगळं म्हाईत हाय. पर तू मला एक सांग. चार वर्सं मी बेवडा म्हणून घेतलं. कॉलेज सोडलं. पानपट्टीवर बसलो तर पोरं ग्लास पुढं करायची, न्हाई म्हटलं तर म्हणायची, नाटकं करतंय. विहारात जाऊन जे कदी केलंच न्हाई ते सोडतो म्हणून हात जोडलं. सगळं तुमच्यासाठी. त्येचं कायतरी मिळू दे की मला. एकदा तरी."

"गाडी सोडून दुसरं काहीही..."

"दुसरं काय? बेवड्याला कोण देतंय दुसरं?"

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण उभा राहिला, त्यामुळे हात आपोआप खाली आला.

"तू बोललीस तर सोनमचं जाईल," तो म्हणाला. "मग ती बी माझ्यामुळंच घरात बसली म्हणशीला. ते न्हाई सोसायचं मला."

*

पंगत बसली. तांबड्याचा वास घरभर होता आणि बाळासोने पहिल्याच भुरक्याला डोळे मिटून वैनीला सलाम केला.

"वा! हे खरं. न्हाईतर आमच्याकडं. तुमची जाऊ माहेरी गेली तवापास्नं मी हाटेलातलं तिखट पाणी पितोय. वाढ की गं सोनम, भावाच्या वाटीत वाढ. मालकाची वाटी मोकळी ठिवायची न्हाय."

सोनमने पळी उचलली. संघर्षने वाटीवर हात धरला. "पांढरा दे."

"पांढरा?" बाळासो हसायला लागला. "आरं बाळतीन हाईस व्हय? तांबडा सोडून पांढरा पितोय! दादा, तुझ्या पोरानं दारूसंगट तिखट बी सोडलं की रं. शील पाचच हाईत लेका, साव्वं कुठनं आणलंस?"

सगळे हसले. संघर्षनेही हसायचा प्रयत्न केला. मग, बहुधा चुलत्याचं तोंड बंद करायला, त्याने भाकरीचा तुकडा तांबड्यात बुडवला आणि तोंडात घातला. उत्पलाला ते तिखट तिच्याच जिभेवर झोंबलं. त्याचे डोळे भरून आले, जबडा थांबला, आणि तो तुकडा न चावता तसाच गिळला.

तेव्हा शेवंताबाईंनी आपली पांढऱ्या रश्श्याची वाटी उचलली आणि नातवाच्या ताटाशेजारी ठेवली. मग त्यांनी उत्पलाकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. चिमणाबाईला शेवटपर्यंत याच बाईने भरवलं होतं. आकडी येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी तिला तिखट द्यायचं नाही, मऊ भात आणि दूध द्यायचं, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

आत्यांना ठाऊक आहे, उत्पलाच्या मनात आलं. कदाचित पहिल्यापासून. आणि तरीही सकाळी त्यांनीच, चहा सांडला वाटतं, असं म्हणून तिला वाट काढून दिली होती. या घरात एकही माणूस फसलेला नव्हता, बाळासो सोडून. बाकी सगळे एकमेकांना सांभाळून घेत होते, आणि ते सांभाळत सांभाळत आता पंधरा परक्या माणसांना त्या गाडीत बसवायला निघाले होते.

*

ताटं उचलल्यावर बाळासोने मोबाइल हातात घेतला. "बरं मग, लावू फोन?"

"थांब," शेवंताबाई म्हणाल्या. "इचारायचं ऱ्हायलंय."

"आये, कुणाला इचारायचं आता? समद्यांचं ठरल्यालंच हाय."

"आण्णांची सायकल भिताडावर हाय तवर आण्णांची रीत बी हाय. बसा समदी."

गणपतीआण्णांनी घातलेली ती रीत होती. घरातल्या मोठ्या गोष्टीला सगळ्यांना गोल बसवायचं, बायकांनाही, आणि धाकट्यापासून विचारत थोरल्यापर्यंत यायचं. थोरला आधी बोलला की धाकट्याच्या तोंडाला कुलूप लागतं, असं ते म्हणत. प्रत्येकाने तोंडाने बोलायचं. मान हलवलेली धरायची नाही. सायकल घेताना त्यांनी असंच विचारलं होतं, आणि तेव्हाची सगळ्यात धाकटी, नऊ वर्षांची चुलतबहीण, म्हणाली होती, घ्या, पर मला फुडं बसवा.

उत्पला या घरात आल्यापासून अनेकदा तिची पाळी आली होती. दर वेळी ती म्हणाली होती, ह्यांचं तेच माझं.

"सोनम," शेवंताबाई म्हणाल्या.

सोनमने ओढणी बोटाला गुंडाळली. सगळ्यांना वाटलं, ही व्हय म्हणणार आणि उठून भांडी घासायला जाणार.

"नको," ती म्हणाली.

बाळासोचा फोन हातातच राहिला. "काय?"

"दादाला गाडी नको."

"का गं बाई?"

 ती बोलू शकत नव्हती, हे चौघांना कळत होतं. ती नुसती तोंड घट्ट मिटून बसली.

"नको म्हणायचं तर कारण सांगाय लागतंय," बाळासोचा आवाज चढला. "हां, आलं ध्यानात. लगीन हिचं आन् गाडी भावाला. पोटात दुखाय लागलं. आगं, राखी बांधतीस की त्येला! भावाचं चांगलं बगवत न्हाय व्हय तुला?" मग तो सयाजीकडं वळला. "दादा, पोरगी जळतीया काय रं भावावर?"

सयाजीने सोनमकडं पाहिलं. मग फरशीकडं.

"व्हय," तो म्हणाला. "तसंच कायतरी."

उत्पलाने तो शब्द ऐकला. गांधीनगरच्या रस्त्यावर ती नव्हती, तिने तो तेव्हा ऐकला नव्हता. पण तो असाच आला असणार, असाच खालच्या पट्टीत, दमलेल्या माणसासारखा. कुणीतरी पुढं केलेलं खोटं, आणि त्यावर ठेवलेला एक व्हय. सोनमच्या गालावरून पाणी ओघळलं, पण तिने मान खाली घातली नाही. एका लेकराला बेवडा करून झालं होतं. आता दुसरं जळकं होणार. गुरुवारपर्यंत हे इचलकरंजीलाही पोचेल, आणि तिथंही कुणीतरी म्हणेल, असतात हो असल्या बहिणी.

"बाळासो, तू गप," शेवंताबाई म्हणाल्या. "तिनं तिचं सांगितलं. संघर्ष, तू बोल."

संघर्षने बहिणीकडं पाहिलं.  "मला..." तो म्हणाला, आणि थांबला. तांबड्याने जीभ आणखी सुजली होती. "मला पायजे हाय... न्हाय म्हंजे... पायजेच, पर..." शब्द एकात एक घुसले. जीभ दातांना लागली असावी; त्याने तोंडावर हात धरला. बोटाला किंचित लाल लागलं ते त्याने मुठीत लपवलं.

बाळासो पुढं सरकला. त्याचा चेहरा बदलला. त्याने पुतण्याच्या डोळ्यांत पाहिलं, डोळ्यांखालचं काळं पाहिलं, सकाळपासूनचं जाड बोलणं त्याला आता एकदम आठवलेलं दिसलं.

"इकडं बग. इकडं बग माझ्याकडं. आरं, जीब का वळंना तुझी?" तो खरोखर दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "विहारात शपत घेतलीस रं. मी त्या पावन्याला माझ्या तोंडानं सांगितलंय, पोरगं सोन्यागत हाय म्हणून." तो उठून उभा राहिला. "दादा, तू सांग मला. माझ्या डोळ्यांत बगून सांग. पोरगं पिलंय काय?"

संघर्षने तोंडावरचा हात काढला नाही. तो बापाकडं बघत होता. सोनमही बापाकडं बघत होती. शेवंताबाई बघत होत्या उत्पलाकडं.

सयाजीचे ओठ हलले.

"नाही," उत्पला म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायचा असतो तेवढाच होता. सयाजी तोंड उघडं ठेवून तसाच राहिला.

"आत्या, माझी पाळी आहे ना?"

"तुजीच हाय. बोल पोरी."

"भावजी, तो प्यालेला नाही. आज नाही, गांधीनगरच्या रस्त्यावर पडला त्या दिवशी नाही, कधीच नाही. त्याला फिट येते. काल रात्री आली, त्यात जीभ चावली गेली. चिमणाआत्यांना यायची तीच. गोळ्या घेतल्या तर ती आवरते. सोनमला ते माहीत आहे, म्हणून ती नको म्हणाली, जळून नाही. गुरुवारी पाहुणे येतील त्यांनाही मी हे असंच सांगणार आहे, चहा द्यायच्या आधी." तिने मुलाकडं पाहिलं, कारण पुढचं त्याच्याकडं बघूनच बोलायला हवं होतं. "आण्णा म्हणायचे तसं तोंडाने सांगते. संघर्षला गाडी द्यायची नाही."